मीटर २३० दाखवतो, तरी मशीन अलार्म का देतं?

गुरुवार जवळ आला की पुण्यातला वर्कशॉपवाला आधी मोबाइलवर महावितरणचा वीज बंदचा मेसेज आलाय का ते बघतो. भोसरीच्या एमआयडीसीला त्या दिवशी सुट्टी असते आणि महावितरणची देखभालीची कामंही बहुतेक गुरुवारीच निघतात. पण नऱ्हे, धायरी, शिवणे इथल्या एक-दोन शटरच्या वर्कशॉपना गुरुवार पाळणं परवडत नाही, कारण शुक्रवारी माल द्यायचा असतो. मग जनरेटर येतो. कधी स्वतःचा, पेट्रोलवरचा, चाकं लावलेला पाच केव्हीएचा. कधी भाड्याचा, ट्रॉलीवरचा डिझेल सेट, जो मागच्या आठवड्यात कुठल्याशा मंडपात दिव्यांच्या माळा आणि स्पीकर चालवत होता.

ट्यूबलाइट लागतात, पंखे फिरतात, ड्रिलसुद्धा चालतं. लेझर कटर मात्र मध्येच रीसेट होतो, व्हीएमसीचा (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनचा) ड्राइव्ह, म्हणजे मोटरला वीज देऊन तिचा वेग सांभाळणारा भाग, अंडरव्होल्टेजचा (व्होल्टेज कमी पडल्याचा) अलार्म देतो, आणि यूपीएस जनरेटर चालू असूनही बॅटरीवरच अडून बसतो. इलेक्ट्रिशियन मीटरच्या पिना लावून दाखवतो, "बघा साहेब, दोनशे तीस, बरोब्बर. मशीनमध्येच काहीतरी असणार."

मीटर खोटं बोलत नाही आणि मशीनही नाही. मीटर विजेची एकच बाजू सांगतो, मशीनला तिच्या चार बाजू लागतात: व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी, वेव्हचा आकार आणि न्यूट्रल-अर्थिंगची जोडणी. जनरेटरच्या बाबतीत गोची अशी की यातल्या पहिल्या तीन गोष्टी तुम्ही त्याला काय जोडता त्यावर बदलत राहतात. "किती केव्हीएचा घेऊ?" हा आपला पहिला प्रश्न असतो. तो तिसरा-चौथा असायला हवा. पहिला प्रश्न असा, की माझं मशीन त्या जनरेटरच्या विजेचं काय करणार आहे?

धरण आणि गच्चीवरची टाकी

खांबावरून येणारी वीज ही अख्ख्या देशाच्या ग्रिडची वीज आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचं ग्रिड बाकीच्या देशाशी जोडलं गेलं, तेव्हापासून देशभरातली शेकडो प्रचंड जनित्रं एका तालात फिरतात. ३० मे २०२४ रोजी या ग्रिडने एका वेळी २५० गिगावॅटची मागणी पुरवली. तुमचा दोन एचपीचा कॉम्प्रेसर चालू झाल्याची तिथे खबरही लागत नाही. खडकवासल्यातून बादलीभर पाणी काढलं तर पातळी हलत नाही, तसंच हे. पोर्टेबल जनरेटर म्हणजे गच्चीवरची टाकी. खाली कुणी मोठा नळ सोडला की वरच्या मजल्यावरच्या शॉवरची धार तत्क्षणी बारीक.

याचा हिशेबही मांडता येतो. गल्लीच्या टोकाचा डिस्ट्रिब्युशन ट्रान्सफॉर्मर समजा २०० केव्हीएचा आहे. त्याचा अंतर्गत अडथळा, म्हणजे इम्पिडन्स, चार-पाच टक्के असतो. अल्टरनेटरचा, म्हणजे जनरेटरमधल्या वीज बनवणाऱ्या भागाचा, अचानक बदलणाऱ्या लोडसाठीचा अडथळा १० ते २० टक्के असतो, आणि तो स्वतः जेमतेम दहा केव्हीएचा. टक्के आणि केव्हीए दोन्ही धरून बघा: तोच झटका जनरेटरवर ट्रान्सफॉर्मरच्या साधारण साठपट जोरात जाणवतो. मधल्या वायरच्या लांबीचा परिणाम मी इथे धरलेला नाही, त्यामुळे प्रत्यक्षात फरक थोडा कमी भरेल. पण जनरेटर म्हणजे छोटं महावितरण, हा समज सोडून द्यायला एवढं पुरे.

फ्रिक्वेन्सीचा बागुलबुवा

चार पोलच्या अल्टरनेटरमधून १५०० आरपीएमला ५० हर्ट्झ निघतात, दोन पोलच्यातून ३००० आरपीएमला. पेट्रोलवरचे छोटे सेट बहुतेक ३००० वालेच असतात, म्हणून एवढे कर्कश. इंजिनचा वेग हीच तिथली फ्रिक्वेन्सी. इंजिनचा वेग सांभाळणाऱ्या साध्या मेकॅनिकल गव्हर्नरची तऱ्हा अशी की लोड वाढला की वेग थोडा उतरतो. म्हणून रिकाम्या सेटचा वेग मुद्दाम वर, ५२ हर्ट्झच्या आसपास लावून ठेवतात, म्हणजे भरलेल्या लोडवर तो पन्नाशीला येतो. ग्रिडवर हीच मर्यादा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ अशी कडक आहे.

हा फरक ऐकून लोक घाबरतात, पण माझ्या मते फ्रिक्वेन्सीला गरजेपेक्षा जास्त दोष दिला जातो. कंट्रोलर, थ्रीडी प्रिंटर, लॅपटॉप यांच्या एसएमपीएसवर, म्हणजे पॉवर सप्लायवर, सहसा ४७ ते ६३ हर्ट्झ छापलेलं असतं. त्यांना ५२ ने काही होत नाही. इंडक्शन मोटर चार टक्के जोरात फिरेल, एवढंच. फ्रिक्वेन्सी खरी नडते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे ऑनलाइन यूपीएस, त्याबद्दल पुढे. दुसरं म्हणजे वेग एका जागी न थांबता वर-खाली होत राहणं, ज्याला मेकॅनिक हंटिंग म्हणतात. इंजिनचा आवाज लाटांसारखा येत असेल आणि बल्बचा उजेड त्याच तालात धडधडत असेल, तर कार्बोरेटर, एअर फिल्टर आणि गव्हर्नरची स्प्रिंग बघून घेतल्याशिवाय कुठलंही इलेक्ट्रॉनिक मशीन जोडू नका.

वेव्हचं शिखर

आता मुख्य गोष्ट, जी मीटरच्या आकड्याआड लपते.

२३० हा आकडा आरएमएस आहे, म्हणजे वेव्हच्या एकूण ताकदीचा एक प्रकारचा सरासरी हिशेब. वेव्ह सुबक साइन असेल तर तिचं शिखर ३२५ व्होल्टवर असतं. हीटर आणि जुन्या पिवळ्या बल्बला या शिखराशी काही देणंघेणं नसतं, त्यांना एकूण ताकद पुरते. पण एसएमपीएस, व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) आणि सर्वो ड्राइव्ह वेगळ्या पद्धतीने वीज घेतात. ते आलेली एसी डायोडमधून नेऊन डीसी करतात आणि कपॅसिटरमध्ये साठवतात. कपॅसिटर भरतो तो फक्त वेव्ह शिखराजवळ असते तेवढ्याच क्षणी. बाकीचा वेळ ते मशीन लाइनमधून जवळजवळ काहीच ओढत नाही.

आता शिखर चपटं झालं असं समजा: ३२५ ऐवजी २८५ वर कापल्यासारखं. वेव्हचे खांदे रुंद झाल्यामुळे आरएमएस तरीही २३० च भरू शकतो. मीटर खूश, इलेक्ट्रिशियन खूश. ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये मात्र बारा टक्के कमी व्होल्टेज साठलंय आणि जोराचा कट लागला की तो अंडरव्होल्टेज म्हणणार. उलटही होतं. काही स्वस्त सेटची वेव्ह मुळातच टोकदार असते. मीटरवर २३० आणि शिखर ३५०-३६० वर. तिथे कपॅसिटर आणि सर्जपासून वाचवणारे एमओव्ही रोज थोडे थोडे भाजून निघतात.

शिखर चपटं करतं कोण? तेच मशीन. शिखराच्या क्षणी सगळे ड्राइव्ह एकदम करंट ओढतात, नेमक्या त्या क्षणी अल्टरनेटर दबतो आणि शिखर बसतं. तांत्रिक भाषेत याला हार्मोनिक्स म्हणतात. थ्री-फेज ड्राइव्ह मुख्यतः पाचवा आणि सातवा हार्मोनिक, म्हणजे २५० आणि ३५० हर्ट्झचा करंट ओढतात. अल्टरनेटरचा अडथळा फ्रिक्वेन्सीबरोबर वाढतो, त्यामुळे पाचव्या हार्मोनिकला तो पाचपट जास्त अडतो आणि त्या प्रमाणात व्होल्टेजची वेव्ह बिघडते. ग्रिडवर हा बिघाड साधारण पाच टक्क्यांच्या आत असतो. स्वस्त पोर्टेबल सेटवर तो दहा टक्क्यांच्या वर सहज जातो.

याच्या वरताण म्हणजे एव्हीआर, जनरेटरचं व्होल्टेज सांभाळणारं कार्ड. तोही ही बिघडलेली वेव्हच मोजतो, चुकीचा निष्कर्ष काढतो आणि व्होल्टेज वर-खाली करत बसतो. फार स्वस्त सेटमध्ये तर एव्हीआर नसतोच; कपॅसिटरच्या जोरावर व्होल्टेज जेमतेम धरून ठेवलेलं असतं. दिवे, पंखे आणि ग्राइंडर यांच्यासाठी ते ठीक. इलेक्ट्रॉनिक मशीन त्यावर जोडू नये, असं मी सरळ म्हणेन.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळणारा साधा मल्टीमीटर तर आरएमएससुद्धा नीट मोजत नाही. तो सरासरी घेतो आणि वेव्ह साइनच आहे असं गृहीत धरून आकडा दाखवतो. ट्रू-आरएमएस मीटर घ्या, आणि त्यात फ्रिक्वेन्सी व पीक दाखवायची सोय असेल तर उत्तम. पण ज्यांच्याकडे ड्राइव्ह आहे त्यांच्याकडे याहून चांगलं मीटर फुकटात आहे. बहुतेक व्हीएफडी आणि सर्वो ड्राइव्हच्या डिस्प्लेवर डीसी बसचं, म्हणजे आतल्या कपॅसिटरमध्ये साठलेलं, व्होल्टेज बघता येतं. सिंगल फेजवर ते ३१० ते ३२५ च्या आसपास असतं, ४१५ व्होल्टच्या थ्री-फेजवर ५६० ते ५९०. महावितरणच्या लाइनवर मशीन रिकामं असताना आणि कट घेत असताना हा आकडा लिहून ठेवा, जनरेटरवर पुन्हा बघा. दोन्हींत किती फरक पडतो, यावरून जनरेटर त्या मशीनला झेपतोय की नाही ते लगेच कळतं.

मोटर चालू होताना, आणि बंद होतानाही

दोन एचपीचा सिंगल फेज कॉम्प्रेसर चालताना दहा-अकरा अँपिअर घेतो. चालू होताना क्षणभर सहापट, म्हणजे साठ. पाच केव्हीएच्या सेटचा पूर्ण करंट बावीस अँपिअर. व्होल्टेज कोसळतं, कॉन्टॅक्टर (मशीनमधले विजेवर चालणारे स्विच) थरथरून सुटतात, आणि ज्या एसएमपीएसवर कंट्रोलर चालतो त्याच्यात भरलेल्या लोडवर जेमतेम वीस मिलिसेकंदांचा दम असतो. लेझर रीसेट होतो तो असा.

कोसळण्याची भीती सगळ्यांना असते. मला जास्त भीती वाटते ती उसळीची. कॉम्प्रेसरची टाकी भरली, प्रेशर स्विचने मोटर तोडली, की लोड एकदम उतरतो. इंजिन सुटल्यासारखं पळतं, आणि एव्हीआर सावरेपर्यंत व्होल्टेज वर जातं. पॉवर सप्लायचे बोर्ड जळतात ते बहुधा या उसळीत. पेट्रोल संपत येताना इंजिन आचके देतं, तेव्हाही हेच होतं. म्हणून टाकी कोरडी होईपर्यंत सेट चालवणं ही फार महागात पडणारी काटकसर आहे.

सोपा उपाय असा की लाइट असतानाच कॉम्प्रेसरची टाकी भरून ठेवायची आणि लेझरच्या हेडला फक्त एअर असिस्टचा छोटा पंप द्यायचा. कॉम्प्रेसर चालवायचाच असेल तर थ्री-फेज मोटर आणि सिंगल फेज इनपुटची व्हीएफडी बसवा. मोटर हळूहळू वेग घेते आणि सुरुवातीचा झटका जवळजवळ नाहीसा होतो. सिंगल फेजच्या कपॅसिटरवाल्या मोटरला मात्र व्हीएफडी चालत नाही. मोठ्या मोटरला स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर चालू होतानाचा करंट एक तृतीयांशावर येतो.

दोन गोष्टी ज्या कुणी सांगत नाही

थ्री-फेज कनेक्शनच्या वर्कशॉपमध्ये भिंतीवर एक कपॅसिटरचं पॅनल असतं. बिलात पॉवर फॅक्टरचा फटका बसू नये म्हणून ते लावलेलं असतं, आणि लागल्यावर सगळे ते विसरून जातात. जनरेटरवर लोड हलका असताना हे कपॅसिटर लाइनवर राहिले तर अल्टरनेटरला उलट्या बाजूने जोर मिळतो. एव्हीआर एक्सायटेशन, म्हणजे अल्टरनेटरच्या चुंबकाला दिलेला करंट, कमी करत करत शून्याला पोचतो आणि तरीही व्होल्टेज चढतच राहतं. चेंजओव्हर स्विच (महावितरण की जनरेटर हे निवडणारा) जनरेटरकडे टाकला की हे पॅनल आपोआप सुटेल अशी वायरिंग करून घ्या. तोवर निदान त्याचा एमसीबी हाताने पाडा.

दुसरी गोष्ट व्हीएमसी आणि सीएनसी लेथवाल्यांसाठी. काही हजार आरपीएमवर फिरणारा स्पिंडल (टूल किंवा जॉब फिरवणारा दांडा) दोन-तीन सेकंदांत थांबतो, तेव्हा त्याच्यातली ऊर्जा कुठेतरी जायला हवी. काही मशीनमध्ये ती रेझिस्टरमध्ये जाळली जाते. काहींत ड्राइव्ह ती परत लाइनमध्ये ढकलतो. ग्रिड ती निमूटपणे घेतं. छोट्या जनरेटरला ती घेता येत नाही. बाकी कुणी ती वापरत नसेल तर ती इंजिनलाच ढकलते, वेग वाढतो, व्होल्टेज चढतं आणि ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेजचा अलार्म देतो. कट घेताना सगळं छान आणि टूल बदलायला स्पिंडल थांबला की अलार्म, असं होत असेल तर कारण बहुधा हेच. पॅरामीटरमध्ये स्पिंडलचा थांबायचा वेळ वाढवा आणि त्याच लाइनवर दोन-तीन किलोवॅटचा हीटरसारखा स्थिर लोड ठेवा. मशीनच्या कंपनीला फोन करून त्यांचा ड्राइव्ह कोणत्या प्रकारचा आहे हे विचारायला लाजू नका.

स्टॅबिलायझर काय करतो, यूपीएस काय करतो

पुण्यात कुठल्याही वर्कशॉपमध्ये वीज नडली की पहिला सल्ला एकच: सर्वो स्टॅबिलायझर घ्या. महावितरणच्या लाइनवर दुपारी २६० आणि संध्याकाळी १९० येत असेल तर तो उपयोगी आहेच. जनरेटरवर तो जवळजवळ निरुपयोगी. त्याची मोटर ब्रश सरकवून आरएमएस व्होल्टेज जुळवते, सावकाश. वेव्हचा आकार तो सुधारत नाही, फ्रिक्वेन्सी सुधारत नाही, अर्ध्या सेकंदाचा झटका येऊन गेल्यावर जागा होतो. शिवाय जनरेटरचा एव्हीआर आणि हा, दोघंही तेच व्होल्टेज आपापल्या परीने जुळवायला लागले की एक वर ओढतो, दुसरा खाली. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरने लाइनमधला किरकोळ इलेक्ट्रिकल नॉइज कमी होतो, पण चपटं शिखर पलीकडेही चपटंच राहतं.

ऑनलाइन यूपीएस मात्र खरंच वीज नव्याने बनवतो. एसी आत घेऊन डीसी करायची आणि तिची पुन्हा स्वच्छ साइन वेव्ह काढायची, हे तो सतत करत असतो. बऱ्याच यूपीएसची फॅक्टरी सेटिंग ग्रिडच्या हिशेबाने घट्ट असते. इनपुट ५२ हर्ट्झ दिसली की तो ती नाकारतो आणि बॅटरीवर बसतो. अर्ध्या तासाने बॅटरी संपली की सगळंच बंद. सेटिंगमध्ये इनपुट फ्रिक्वेन्सीची मर्यादा सैल करता येते, काहींत जनरेटर मोड नावाचाच पर्याय असतो. आणि यूपीएस स्वतःही डायोड-कपॅसिटरवाला लोड आहे हे लक्षात असू द्या. जुन्या पद्धतीच्या यूपीएसला त्याच्या केव्हीएच्या दुप्पट ते अडीचपट जनरेटर लागतो. इनपुटला पॉवर फॅक्टर करेक्शन असलेला नवा यूपीएस दीडपटीत भागतो.

सगळं मशीन यूपीएसवर घेणं परवडत नाही आणि गरजही नसते. थ्रीडी प्रिंटर, लेझरचा कंट्रोलर, ऑपरेटरचा कॉम्प्युटर हे यूपीएसवर. ब्लोअर, चिलर, कूलंट पंप थेट जनरेटरवर. व्हीएमसीमध्ये अशी फोड मनाने करू नका. झेड अ‍ॅक्सिसचा ब्रेक, ड्राइव्ह आणि कंट्रोलर यांचा क्रम चुकला तर हेड किंचित खाली सरकतं, आणि किंचित म्हणजे टूल आणि जॉब दोन्ही भंगारात.

न्यूट्रल, अर्थिंग आणि जीव

इथवर मशीनचं बोललो. आता माणसाचं.

लाइट गेल्यावर दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटरची वीज भिंतीवरच्या सॉकेटमधून उलटी घुसवणारे लोक आहेत. तीच वीज मीटरमधून बाहेर खांबावर जाते, ट्रान्सफॉर्मरमधून उलटी ११ केव्ही होते, आणि गुरुवारी तिथे महावितरणचा माणूस चढलेला असतो. चेंजओव्हर स्विच हवाच, आणि तो असा की एका वेळी एकच बाजू लागेल. थ्री-फेजला चार पोलचा घ्या, म्हणजे न्यूट्रलही बदलेल. त्यात न्यूट्रल आधी जुळायला आणि शेवटी सुटायला हवा. न्यूट्रल ढिला राहिला तर एखाद्या फेजवरच्या २३० व्होल्टच्या वस्तूवर साडेतीनशेच्या पुढे व्होल्टेज जाऊ शकतं.

पोर्टेबल सेटचा न्यूट्रल बहुतेक वेळा अर्थशी जोडलेलाच नसतो, तरंगता असतो. वायर सोलून मशीनच्या बॉडीला लागली तरी करंटला परतीची वाट नाही, त्यामुळे आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) ट्रिप होत नाही. लोकांना वाटतं सगळं सुरक्षित आहे. दुसरीकडे कुणीतरी दुसऱ्या फेजला हात लावेपर्यंत ते तसं वाटतंही. न्यूट्रल आणि अर्थ एका जागी, आणि एकाच जागी, जोडायला हवेत. हे काम लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. लेझर कटरला तर अर्थिंग जास्तच लागतं. सीओटू ट्यूबचा पॉवर सप्लाय वीस हजार व्होल्टच्या आसपास काम करतो. अर्थ पिन तुटलेली असली की बॉडीला बोट लावल्यावर झिणझिण्या येतात आणि यूएसबीने जोडलेला लॅपटॉप कनेक्शन सोडत राहतो.

थ्री-फेज सेट भाड्याने आणला की फेजचा क्रम तपासा. आर-वाय-बी उलटं लागलं तर कूलंट पंप उलटा फिरतो, हायड्रॉलिक प्रेशर बनत नाही, आणि स्क्रू कॉम्प्रेसर उलटा फिरला तर मोठा खर्च. फेज सिक्वेन्स मीटर छोटा असतो, फार महाग नसतो.

आणि पाऊस. सिंहगड रोडला जुलैत धो-धो सुरू झाला की सेट शटरच्या आत ओढून घ्यायचा मोह होतो. पेट्रोल इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि अर्ध्या उघड्या शटरने तो पुरेसा बाहेर जात नाही. सेट बाहेर, दारं-खिडक्यांपासून सहा-सात मीटर लांब, वर पत्रा टाकून. त्याला पर्याय नाही.

मग घ्यायचा कोणता?

लेझर एनग्रेव्हर, दोन-तीन थ्रीडी प्रिंटर, एम्ब्रॉयडरी मशीन, छोटा सीएनसी राउटर एवढं काम असेल तर इन्व्हर्टर जनरेटर. नाव ऐकून घरातला बॅटरीवाला इन्व्हर्टर डोळ्यांपुढे आणू नका. यात इंजिन कुठल्याही वेगाने फिरो, निघालेली वीज आधी डीसी होते आणि मग इलेक्ट्रॉनिक्स तिची ५० हर्ट्झची स्वच्छ वेव्ह काढतं. वेव्हचा बिघाड तीन टक्क्यांच्या आसपास राहतो. किंमत साध्या सेटपेक्षा बरीच जास्त, आणि झटका सोसायची ताकद कमी: मोटरचा सुरुवातीचा करंट जास्त झाला की तो दबत नाही, सरळ ट्रिप होतो. इको मोड असेल तर कामाच्या वेळी बंद ठेवा. नाहीतर इंजिन मंद फिरत असतं आणि प्रिंटरचा बेड तापायला लागला की क्षणभर गडबडतं.

लेबलवर दोन आकडे असतात, मॅक्स आणि रेटेड. दुकानदार मॅक्स सांगतो, हिशेब रेटेडवर करायचा. समुद्रसपाटीपासून पुणे साधारण ५६० मीटरवर आहे. हवा विरळ असल्याने पेट्रोल इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला साडेतीन टक्के उतरते, म्हणजे इथे सहा-सात टक्के तिथेच गेले.

व्हीएमसीसाठी ट्रॉलीवरचा डिझेल सेट लागतो. मशीनच्या नेमप्लेटवर १५ केव्हीए लिहिलं असेल तर तीस केव्हीएच्या खाली बघू नका. इलेक्ट्रॉनिक गव्हर्नर मागा, तो लोड बदलला तरी फ्रिक्वेन्सी ५० वर धरून ठेवतो. एव्हीआरला वेगळ्या पर्मनंट मॅग्नेट जनरेटरमधून वीज मिळत असेल तर सोन्याहून पिवळं, कारण मग बिघडलेल्या वेव्हवर त्याचं पोषण अवलंबून राहत नाही. हे सगळं विचारताना पुण्यात संकोच करायचं काही कारण नाही. खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ पासून आहे, कोथरूडला कमिन्स १९६२ पासून. या इंजिनांवर हात बसलेले मेकॅनिक या शहरात जितके सापडतील तितके क्वचितच कुठे सापडतील. मात्र तीस केव्हीएचा सेट आणून त्यावर फक्त दोन किलोवॅट चालवू नका. डिझेल इंजिन तीस टक्क्यांच्या खाली फार वेळ चाललं की नीट तापत नाही, न जळलेलं डिझेल आणि काजळी सायलेन्सरमधून गळायला लागते.

बारीक तारेच्या ठिणग्यांनी धातू कापणाऱ्या वायरकट मशीनबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. आठ-दहा तासांचा कट मध्येच तुटला तर जॉबवर रेघ उमटते, आणि जनरेटरवर तेवढा वेळ काही ना काही होण्याची शक्यता खूप. मेसेज आला असेल तर असा जॉब बुधवारी संपवा किंवा गुरुवारी संध्याकाळी लावा. खर्चानेही ते बरं पडतं. डिझेल सेट लिटरमागे तीन-साडेतीन युनिट देतो, म्हणजे नुसत्या डिझेलचाच युनिटमागे पंचवीस ते तीस रुपये खर्च.

भाड्याचा सेट आणणार असाल तर आदल्या दिवशी संध्याकाळी मागवा. तो मंडपात चालत होता की हॉस्पिटलच्या बॅकअपला, सर्व्हिस कधी झाली, एव्हीआर आहे का, हे विचारा. चालू करून तीन-चार मिनिटं रिकामा फिरू द्या. फ्रिक्वेन्सी, तिन्ही फेजचं व्होल्टेज आणि फेजचा क्रम बघा. मग सर्वांत मोठी मोटर, त्यानंतर छोट्या, आणि इलेक्ट्रॉनिक्स सगळ्यात शेवटी. बंद करताना नेमका उलटा क्रम. व्हाइसमध्ये भंगारातला तुकडा बांधून स्पिंडल पूर्ण वेगाने फिरवा, दोन-तीनदा टूल बदलून बघा आणि डीसी बसच्या आकड्यावर नजर ठेवा. ग्राहकाचा जॉब त्यानंतर बांधा.